पहाटे वारा कमी

तक्रारीचं पत्र लिहावं तर संजीवने, असं सिंगापुरातल्या निदान दहा-बारा मराठी घरांचं मत आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. टाउन कौन्सिलने लिफ्ट दुरुस्त केली नाही, एअरलाइनने बॅग हरवली, शाळेने मुलाला नको त्या वर्गात घातलं, की फोन मला येतो. मी एका बँकेत अकाउंट्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो आणि संध्याकाळी तेच काम हौस म्हणून करतो. माझ्या पत्रात शिवी नसते, आवाज चढलेला नसतो, तरी वाचणाऱ्याला घाम फुटतो. तसं लोक मला येऊन सांगतात.

त्यामुळे सप्टेंबर २००६ मधल्या एका रविवारी दुपारी शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ताटं उचलून त्या जागी लॅपटॉप आणून ठेवला आणि "आज ते पत्र संपव बाबा," असं म्हणाली, तेव्हा तिला वाटलं असणार की हा आता बाह्या सरसावून बसेल.

पत्र मुरातविरुद्ध लिहायचं होतं. मुरात म्हणजे रशियातल्या एल्ब्रुस पर्वतावरचा गाईड, पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. शुभदाच्या धाकट्या भावाला, सारंगला, त्याने ऑगस्टमध्ये एल्ब्रुसवर नेलं होतं. तिथे ते दोघं वादळात सापडले आणि सारंगच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं हिमदंशाने गेली. सारंग परतला त्याच आठवड्यात ट्रेक नेणाऱ्या कंपनीची ई-मेल आली होती. मुरातला आम्ही तूर्त कामावरून थांबवलं आहे, हवा बिघडणार असल्याची कल्पना असूनही त्याने तुम्हांला वर नेलं का ते सहीनिशी लेखी कळवा, तुमचं उत्तर आलं की त्याला ठेवायचं का काढायचं ते ठरवू, असा मजकूर होता.

"यात ठरवायचं काय असतं?" शुभदा म्हणाली. "तीस वर्षं त्या डोंगरावर काढलेला माणूस. त्याला ढग दिसत नाहीत? असं लिही की पुन्हा त्याला कुणी शेळ्या घेऊनसुद्धा वर पाठवणार नाही."

"लिहितो," मी म्हटलं.

"सहा आठवडे झाले तू लिहितोयस."

तिचं बरोबर होतं. एरवी मी अशी पत्रं तासाभरात हातावेगळी करतो. हे पत्र माझ्या हातून उतरत नव्हतं, कारण मुरातचा काडीचाही दोष नव्हता आणि हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. निदान त्या दुपारपर्यंत माझी तशी समजूत होती.

सारंग तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करायचा, लेझरवर. टेबलावर नखाएवढे आरसे मांडायचे आणि त्यांचे स्क्रू केसाएवढे फिरवून प्रकाश नेमक्या जागी पाडायचा, असं काहीसं त्याचं काम, सगळं बोटांचं. भाड्याच्या खोलीत राहायचा आणि शनिवार-रविवारी आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर जेवायला यायचा. आल्या आल्या माझी थट्टा सुरू. मी लिहिलेल्या पत्रांची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की माझी मुलगी श्रिया हसून हसून सोफ्यावरून खाली पडायची. मी वरवर हसायचो. आत मात्र मला ते लागायचं. नऊ वर्षांच्या मुलीसमोर बापाची फिरकी घेतलेली कोणत्या बापाला आवडते?

त्या उन्हाळ्यात त्याने एल्ब्रुसचं काढलं. अठरा हजार फुटांच्या वर, दोन शिखरांचा, कधीकाळचा ज्वालामुखी. आता निजलाय, आणि अंगावर बारा महिने बर्फाची जाड गोधडी. वर एके ठिकाणी त्या बर्फातूनही गंधकाचा वास येतो म्हणे. चढायला तो फारसा कठीण नाही, असं सारंग सांगायचा. कठीण आहे ती तिथली हवा. दोन्ही बाजूंना समुद्र, मधे हा एकटा उंच उभा. सकाळी निळंभोर आकाश असतं आणि दुपारी स्वतःचे बूट दिसत नाहीत. म्हणून लोक रात्री दोन-तीनला निघतात आणि दुपारच्या आत खाली येतात. अंदाज चुकला तर मग बर्फात वाट सापडत नाही आणि बर्फातल्या खोल भेगांच्या बाजूला माणूस भरकटतो.

वर इंटरनेट नव्हतं. त्याने सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला होता आणि त्यावर इथून वेबसाइटच्या एका खिडकीतून मेसेज पाठवता यायचा. रोज अंदाज बघून तो मेसेज कोणी पाठवायचा, तर मी.

"भाऊजी, नीट ऐका," तो चहा पिता पिता म्हणाला होता. "पहिला आकडा वाऱ्याचा. शिखरावरच्या, खालच्या कॅम्पावरच्या नाही. मग किती वाजता बदलणार ते. मग बर्फ. बास. नमस्कार-चमत्कार नको. एकशे साठ अक्षरांच्या पुढचं यंत्र कापून टाकतं आणि तुम्हांला सांगतसुद्धा नाही."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "रोज शंभर ई-मेल पाठवतो मी."

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला, आणि श्रिया खिदळली.

सिंगापुरात राहून हवामान बघायची सवयच मोडते. बत्तीस अंश, दुपारनंतर गडगडाट, काल तेच आणि उद्याही तेच. इथे छत्री घेतली की हवामानाचा विषय संपतो. त्यामुळे मला त्या पर्वताचा अंदाज वाचायचा भलताच नाद लागला. वेबसाइटवर तीन ओळी असायच्या. चार हजार मीटरची, पाच हजारची आणि शिखराची. प्रत्येकीत पहाट, सकाळ, दुपार, रात्र. खालच्या ओळीत वारा पंधरा आणि त्याच वेळी वरच्या ओळीत साठ. थंडी उणे बारा, पण वाऱ्यात ती अंगाला उणे तीस लागणार. ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइस खाताना मी सहकाऱ्यांना पर्वतावरच्या वाऱ्यावर व्याख्यानं देऊ लागलो. ज्याने जन्मात बर्फ फक्त कोकमाच्या सरबतात पाहिला तो माणूस, पण माझ्या एका आकड्यावर कुणीतरी पर्वत चढणार की थांबणार हे ठरत होतं. त्याचा मला माज चढला होता, दुसरा शब्द नाही.

पहिले चार दिवस मी त्याने सांगितलं तसंच पाठवलं. 'वारा ४०. दुपारी ढग. बर्फ नाही.' त्याचं उत्तर यायचं, 'ओके बॉस.' त्या 'बॉस'वर मी खूश असायचो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला मी अंदाज उघडला. तिकडे तेव्हा दुपारचे तीन. त्याच रात्री सारंग शिखरासाठी निघणार होता. वरच्या ओळीत पहाटे वारा पंधरा, आकाश स्वच्छ. सकाळी दहापासून वारा पंचाहत्तर आणि जोराची हिमवृष्टी. म्हणजे निघूच नये, किंवा निघालं तर फार वर न जाता मागे फिरावं. हे वाचायला अक्कल लागत नव्हती. आकडा लाल रंगात होता.

मी टाइप करायला घेतलं तेवढ्यात शुभदा मागे येऊन उभी राहिली. नुकताच पुण्याहून तिच्या आई-बाबांचा फोन येऊन गेला होता.

"चार दिवस नुसते आकडे पाठवतोयस त्याला," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या दिवसाला चालला पोरगा. घरचे दोन शब्द लिही की."

आता मी कोणत्या घरात वाढलो ते सांगायला हवं. आमच्याकडे वाईट बातमी आधी सांगत नाहीत. माझे आजोबा गेले ते कळवायला काकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, जेवलास का. मग तिकडे पाऊस आहे का. मग काकूच्या गुडघ्याचं झालं, चुलतभावाच्या नोकरीचं झालं, आणि सगळ्याच्या शेवटी, बरं का, आजोबा सकाळी गेले. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पत्राचं पहिलं वाक्य 'इकडे सर्व ठीक' असायचं, मग खाली काहीही असो. माणसाला एकदम धक्का देऊ नये, आधी बसवावं, पाणी द्यावं. यात वाईट काही नाही. फक्त ही रीत एकशे साठ अक्षरांत बसत नाही.

मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. 'नमस्कार. इकडे सर्व ठीक. आई-बाबांचा फोन झाला, खूश आहेत, आशीर्वाद सांगितलेत. श्रियाला स्पेलिंगमध्ये वीसपैकी वीस. ताई म्हणते टोपी घाल. उद्या हवा स्वच्छ, पहाटे वारा कमी.' आणि मग, 'पण दहानंतर ७५, जोराचा बर्फ, निघू नका किंवा लवकर फिरा.' पाठवलं. शुभदा म्हणाली, आता कसं माणसाने लिहिल्यासारखं वाटतं. उत्तर आलं, 'ओके बॉस. निघतो.'

'निघतो' वाचून मी क्षणभर थबकलो. मग मनाशी म्हटलं, दहाच्या आत फिरायचं ठरवलं असेल. आणि आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारपर्यंत, म्हणजे तिकडच्या दुपारपर्यंत, त्याचा मेसेज यायला हवा होता. आला नाही. पाचला नाही, सातला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी कंपनीचा फोन आला, की तो हॉस्पिटलात आहे. पुढचं आम्हांला तुकड्यातुकड्यांनी कळलं. शिखराच्या अलीकडे असताना वादळाने गाठलं. उतरताना वाट दाखवणारे झेंडे दिसेनात. सारंगचा हातमोजा वाऱ्याने उडाला. मुरातने बर्फात खड्डा खणला, त्याला आत घातलं आणि स्वतः तोंडाशी सात तास पाठ देऊन बसला. संध्याकाळी जरा उघडल्यावर दोघं खाली आले. मुरातची कानशिलं आणि नाक काळं पडलं होतं. हे सगळं शुभदालाही माहीत होतं. पण तिचं म्हणणं, आधी आगीत ढकलायचं आणि मग पाणी ओतायचं, त्याचं कौतुक कशाला करू?

सारंग परत आला तो थेट आमच्याकडे. श्रियाच्या खोलीत त्याला ठेवलं. सहा आठवड्यांत तो सहा गोष्टी धड बोलला नसेल. नक्कल नाही, थट्टा नाही. पत्राचा विषय निघाला की भिंतीकडे बघायचा. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ द्या. त्याच्या हाताला पट्ट्या होत्या, मी त्याला शर्ट घालायला मदत करायचो आणि तो 'थँक्यू भाऊजी' म्हणायचा. ते 'थँक्यू' मला रोज सहन व्हायचं नाही. शिव्या देईल तर बरं, असं वाटायचं.

त्या रविवारी शुभदा श्रियाला घेऊन बुकित पंजांगला तिच्या मैत्रिणीकडे वाढदिवसाला निघाली.

"पप्पा, मामाने आज पण काही खाल्लं नाही लाह," श्रिया बूट घालताना तिच्या शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "यू ऑल्सो निव्हर ईट."

"मी आल्यावर पत्र मला तयार दिसलं पाहिजे," शुभदा म्हणाली आणि दार लागलं.

मी पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य सुरेख जमलं. दुसऱ्यात मुरातचं नाव आलं. तिसऱ्यात मी 'व्यावसायिक निष्काळजीपणा' असा शब्द टाकला आणि त्याकडे बघत राहिलो. मला दोन मुलींचा बाप असलेला, नाक जळलेला एक माणूस दिसत होता, जो माझ्या चुकीपायी घरी बसून होता. आणि त्याला कायमचा घरी बसवणारं पत्र मीच लिहीत होतो, तेही चांगलं. मला स्वतःची किळस आली. मी लॅपटॉप उचलला आणि सारंगच्या खोलीत गेलो.

तो श्रियाच्या पलंगावर उशीला टेकून बसला होता. मी खुर्ची ओढली.

"सारंग, हे पत्र मला लिहिता येत नाही," मी म्हटलं. "मुरातची चूक नाही. माझी आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं.

मग मी सांगितलं. आकडा मी पाहिला होता. दहानंतर पंचाहत्तर, लाल रंगात. मी लिहिलाही होता, पण तू सांगितलंस त्याच्या उलट, सगळ्यांत शेवटी. आधी आई-बाबा, श्रियाचं स्पेलिंग, टोपी. यंत्राने 'पहाटे वारा कमी'पाशी मेसेज कापला. त्याच्या पुढचं सगळं, 'पण'पासून, तुझ्यापर्यंत आलंच नाही.

तो ऐकत होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मी तयारी केली नव्हती. त्याचा चेहरा सैल झाला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत," तो म्हणाला. "लिहिलंही होतंत."

"हो."

"मला वाटलं तुम्ही चुकीची ओळ वाचलीत. खालच्या कॅम्पाची. मी तुम्हांला तीन वेळा बजावलं होतं, तरी वाचलीत." तो हसला, खरोखर थोडासा हसला. "भाऊजी, मी सहा आठवडे हे कुणाला सांगत नाहीये. मुरातचा दोष नाही असं म्हटलं की ताई विचारणार, मग कुणाचा? मग तुमचं नाव निघणार. ताई तुम्हांला जन्मभर ऐकवेल. आई-बाबा बोलणार नाहीत, पण मनात ठेवतील. आणि तुम्ही तर मला अंघोळीचं पाणी काढून देता रोज. कसं सांगू?"

हा पोरगा मला झाकत होता. बोटं याची गेली आणि अब्रू माझी जपत होता.

"मग त्या बिचाऱ्या मुरातला मधे का घेतलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला. मला चिडायचा काय हक्क होता, पण मला तेवढंच येतं.

"घेतलं नाही. नुसता गप्प बसलो. सुचत नव्हतं काही." तो उठून बसला. "आता सोपं झालं. मेसेज तुटला. यंत्राने तोडला. त्यात काय, होतं असं. तेच लिहा, मुरात सुटेल आणि तुम्हीही. खरंच सांगतो, मला बरं वाटलं." आणि मग त्याने अगदी सहज विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं? मी परत आल्यावरच ना?"

उत्तर त्याने आयतं हातात ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर त्या संध्याकाळी आम्ही चौघं एकत्र जेवलो असतो, शुभदा दोन दिवस बोलली असती आणि दिवाळीला तो माझी नवी नक्कल करायला लागला असता. 'इकडे सर्व ठीक, श्रियाला वीसपैकी वीस, बाय द वे, वादळ.' क्षमा मिळालेला माणूस म्हणून मी त्यावर हसलो असतो. पण ज्या गोष्टीची त्याने क्षमा केली होती ती माझी चूक होती. माझा गुन्हा दुसराच होता आणि तो अजून मी सांगितलेला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "त्याच सकाळी."

"कुठल्या सकाळी?"

"तू चढत होतास त्या सकाळी. सव्वाआठला ऑफिसात आलो आणि तुला शुभेच्छा पाठवाव्या म्हणून मेसेजची ती वेबसाइट उघडली. पाठवलेला मेसेज तिथे दिसतो. 'वारा कमी'च्या पुढे काही नव्हतं. मला लगेच कळलं."

मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मी खिडकीत '७५, मागे फिरा' असं टाइपसुद्धा केलं होतं. बोट बटणावर होतं. तेव्हा मला तू दिसलास. आमच्या सोफ्यावर बसून सगळ्यांना सांगणारा, की भाऊजींना एवढं बजावूनसुद्धा त्यांनी नमस्कार लिहिला. श्रिया खाली पडून हसणारी. मी पुसून टाकलं. मनाची समजूत घातली, की त्याचा फोन बंद असेल, गाईड मुरलेला आहे, ढग त्याला दिसतीलच. साडेआठला मीटिंग होती, मी मीटिंगला गेलो. आणि तू हॉस्पिटलात आहेस असं कळलं त्या दिवशी मी त्या वेबसाइटवरचं आपलं खातं बंद करून टाकलं, कुणी बघू नये म्हणून.

"हसतील म्हणून," सारंग म्हणाला.

"हो."

"सव्वाआठ." तो मनाशी हिशेब करत होता. "म्हणजे तिकडे सव्वाचार."

"हो."

तो खिडकीकडे बघत बसला. खालच्या मैदानात मुलं फुटबॉल खेळत होती, त्यांचा आरडाओरडा दहाव्या मजल्यापर्यंत येत होता.

"पाच वाजता आम्ही खडकांपाशी थांबलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, एखाद्याला पत्ता सांगावा तसा. "कॅम्पापासून तासा-दोन तासांवर. उजाडत होतं. वारा अजिबात नव्हता. मुरातने शिखराकडे बोट दाखवलं. वर एक छोटा गोल ढग बसला होता, टोपीसारखा. तो म्हणाला, बॅड. डाउन. मी म्हटलं थांब. फोन बंद होता, बॅटरी वाचवायला, तो मी चालू केला. हातमोजे काढून. वर आकाशाकडे धरून दहा मिनिटं उभा राहिलो, सिग्नल होता, पूर्ण सिग्नल होता. मुरात पुन्हा म्हणाला, डाउन. मी त्याला स्क्रीन दाखवली. म्हटलं, बघ, काही नाही आलेलं. सिंगापूरला माझा माणूस बसलाय, रोज अंदाज बघतो. काही असतं तर भाऊजींनी कळवलं असतं."

मी खाली बघत होतो. मला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर माणसाला हलकं वाटतं. तसं लोक म्हणतात. मला तसं काहीही वाटलं नाही.

मग तो म्हणाला, "ते पत्र पुसा. नवं लिहा. मी सांगतो तसं."

मी तिन्ही वाक्यं पुसली. तो सांगत गेला आणि मी इंग्रजीत टाइप करत गेलो. मुरात दोनदा म्हणाला परत फिरू. मी ऐकलं नाही. नंतर त्याने माझा जीव वाचवला. मी का ऐकलं नाही तेही त्याने सांगितलं, आणि तिथे माझी बोटं अडली. पत्र लिहिणारा माणूस मी, सवयीने मी तिथे 'संपर्कातील त्रुटीमुळे' असं लिहून टाकलं आणि वाचून दाखवलं.

"त्रुटी म्हणजे कोण?" सारंगने विचारलं.

मी ते पुसलं आणि तो म्हणाला होता तेच लिहिलं. काही असतं तर माझ्या बहिणीच्या नवऱ्याने मला कळवलं असतं. त्याला माहीत होतं आणि त्याने कळवलं नाही. त्याखाली त्याने माझं पूर्ण नाव घालायला सांगितलं, ते घातलं.

"ताई आली की हे तिला तुम्ही वाचून दाखवायचं," तो म्हणाला. "मी नाही."

"हो," मी म्हटलं.

मी प्रिंट काढून आणली. कंपनीला सही हवी होती. उजव्या हातात पेन धरायचा त्याने प्रयत्न केला, धरवेना, मग डाव्या हातात घेतलं. त्याला फार वेळ लागला. अक्षरं मोठी, वाकडी, पहिलीतल्या मुलासारखी येत होती आणि कागद सारखा सरकत होता. मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. सही पूर्ण होईपर्यंत तो एकदाही 'थँक्यू' म्हणाला नाही.